लोटांगण घालणारा डबा

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. गेल्या सुगीला मी सांगितलं की तळ्यातल्या एका माशानं कंदील गिळला आणि तो त्याच्या पोटात तीन दिवस जळत राहिला, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. माझ्या आजोबांनी मगरीला तंबाखूचं व्यसन लावलं, तेही पचवलंत. आज जन्मात पहिल्यांदा खरं सांगायला बसलोय, तर आजच तुम्ही एकमेकांकडे बघून हसणार. हसा. घागर भरलेली आहे, बाजरीची बियर अजून कोमट आहे आणि प्रत्येकाची प्यायची लांब नळी आपापल्या हातात आहे. या बैठकीचा नियम मला माहीत आहे: ज्याचं खोटं पकडलं गेलं, त्याची नळी घागरीबाहेर. माझी नळी शेवटपर्यंत आतच राहील. ऐका.

त्या रविवारी ओमाडेरा बाजारातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये इतकी गर्दी होती की मेलेल्यांनीही आपापले प्रतिनिधी पाठवले असावेत. जागा मिळाली नाही म्हणून चार जण तर आंब्याच्या झाडावर चढले होते. एरवी वेदीपुढं अंगात आलेली माणसं आणायचे. त्या दिवशी तिथं एक करड्या रंगाचा कॉम्प्युटरचा डबा उभा होता, शेजारी पडदा, आणि मागं फटफटणारा जनरेटर.

डबा असेकेन्येचा. टायपिंग, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं तिचं दुकान पंचक्रोशीत एकच. पाच दिवस झाले, डब्याला काहीतरी झालं होतं. बटण दाबलं की दिवा लागे, पंखा घुमे, पडद्यावर कंपनीचं चिन्ह येई, त्याखालचं कडं चार गिरक्या घेई आणि ठप्प. सगळा काळोख. जणू कोणी नरडीला नख लावलं. डब्याच्या पोटात सातवीच्या त्रेसष्ट पोरांचे परीक्षेचे अर्ज आणि फोटो अडकले होते, आणि पाठवायची मुदत महिनाअखेरची. म्हणून त्रेसष्ट घरांतली झाडून सगळी माणसं चर्चमध्ये हजर होती.

प्रेषित ओमोडिंग पांढऱ्या सुटात, टोकदार बुटांत आणि हातात माइक घेऊन वेदीवर येरझारा घालत होते.

"या डब्यात काय आहे?"

"सैतान!"

"शिकलेले म्हणतात, व्हायरस. अरे, पण व्हायरस कोणी पाठवला?"

"सैतानानं!"

"तुमचा अँटीव्हायरस वर्षानं संपतो. माझ्या देवाचा संपतो का?"

"नाही!"

"मग बघ रे दुष्टा!" प्रेषित डब्यावर खेकसले. "उभा राहून माजलास! माझ्या देवापुढं उभा राहतोस? लोटांगण घाल!" आणि झपाटलेल्यांच्या कपाळावर तळवा टेकवून त्यांना जसं ते उताणं पाडत, तसाच त्यांनी डबा कुशीवर पाडला. झाकणावर तेलाचा क्रूस ओढला. "डिलीट! डिलीट! कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा राहू नकोस! फायर!"

बटण दाबलं. चिन्ह आलं. कडं फिरलं. चार गिरक्या, पाच, दहा. आणि पडद्यावर असेकेन्येच्या भाचीच्या लग्नाचा फोटो झळकला.

बायकांनी जी आरोळी ठोकली, तिनं झाडावरच्या चारांपैकी दोघे खाली पडले.

शेवटच्या बाकावर ओकिरोर मास्तर गुडघा चोळत बसले होते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. या एकतीस वर्षांत त्यांनी रडणारं झाड पाहिलं होतं. वर चढून फांदीवरचे फेसाळ किडे ओंजळीत आणून दाखवले होते. मुंडकं उडवल्यावर चालणारी कोंबडी, पाण्यानं पेटणारा दिवा, सगळं निस्तरलं होतं. दरवेळी लोक म्हणत, "हो की, मास्तर!" आणि पुढच्या पावसाळ्यात नवं झाड रडायला लागे. आता त्यांना वाद घालायचा कंटाळा आला होता. डबा चालू झाला तेव्हा त्यांनाही बरंच वाटलं. मेलं कशानंही चालू होवो, पोरांचं वर्ष वाचलं म्हणजे झालं.

ते पुढं जाऊन हळूच म्हणाले, "असेकेन्येताई, चालू आहे तोवर पोरांचे अर्ज आणि फोटो बाहेर काढून घे बघू."

"मास्तर, देवाच्या घरात धंदा करू?"

"सुटका झालेला जीव पुन्हा लोळत नसतो," प्रेषितांनी माइकवरून बजावलं. "घरी न्या आणि ताठ उभा करा!"

दुकानात नेला. टेबलाखाली, नेहमीच्या जागी, ताठ उभा केला. चार गिरक्या. ठप्प.

सोमवारी पोरांचे बाप शाळेत आले तेव्हा मास्तरांना उठावंच लागलं. त्यांनी आधी विजेवर संशय घेतला. गावची वीज म्हातारीच्या श्वासासारखी, कधी आहे, कधी नाही. शेजारच्या गिरणीच्या जनरेटरवर लावून बघितलं. ठप्प. मग त्यांचं लक्ष डब्यावरच्या विणलेल्या झाकणाकडं गेलं. असेकेन्येनं स्वतः क्रोशानं विणलं होतं, मधोमध बायबलातलं वचन. "यानंच याचा जीव घुसमटतोय," मास्तर ठासून म्हणाले. झाकण काढलं. सायकलचा पंप आणून जाळीतून हवा मारली, तर आतून एवढी धूळ निघाली की दुकानातली मांजर शिंकत पळाली. पुन्हा बटण दाबलं. ठप्प.

"मास्तर, पंक्चर सापडलं का?" दारातून कोणीतरी ओरडलं, आणि बाजार आठवडाभर त्यावर हसला.

"डब्याचं पत्र्याचं झाकण उघडून आत बघतो," मास्तर म्हणाले.

"नको!" असेकेन्येनं डब्यावर हात आडवे धरले. "वर तेलाचा क्रूस आहे. तो मोडला तर प्रेषित म्हणालेत, आतलं माझ्या घरात शिरेल."

मास्तरांनी पंप काखोटीला मारला आणि घरी जाऊन झोपले.

बुधवारी पुन्हा डबा चर्चमध्ये. पुन्हा लोटांगण, पुन्हा डिलीट, पुन्हा भाचीचं लग्न. पण या वेळी प्रेषितांनी लगेच डबा बंद केला, डोळे मिटले आणि आवाज खाली आणला.

"मी हाकलतो, पण कोणीतरी परत पाठवतंय. मला दिसतंय. एक बाई. दारात बसते. काहीतरी जाळते. धूर आत जातो."

नाव घ्यायची गरजच नव्हती. असेकेन्येच्या दुकानाच्या ओसरीवर बावीस वर्षं अकुरुत आजी कोळशाच्या शेगडीवर भुईमूग भाजत बसायची. दुकान नव्हतं, तेव्हापासूनची तिची जागा. नवरा गेलेला, दोन मुलगे गेलेले, मागच्या खोलीत एकटी राहायची. ठरलं असं की डबा चर्चमध्येच ठेवायचा, रविवारी आजीनं सगळ्यांपुढं चेटूक कबूल करायचं, आणि नाही केलं तर सोमवारी सकाळी ओमाडेरातून चालतं व्हायचं.

गुरुवारी दुपारी मास्तर ओसरीवर गेले. आजीची शेगडी विझलेली होती. कालपासून एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

"या मास्तर. माझ्याकडच्या शेंगा खाल तर सातवीत नापास व्हाल, संभाळा."

"आजी, जेवलात का?"

"शेंगाच खाल्ल्या. उरल्यात ना ढीगभर." तिनं टोपली पुढं सरकवली. "मी म्हणते, कबूल करून टाकू? असेकेन्ये म्हणते, कबूल केलंस तर राहू देतील. ह्या वयात कुठं जाऊ? माहेरच्या घरात आता वाळवी राहते."

"कबूल केलंत तर पुढच्या वेळी कोणाची मेंढी मेली तरी तुम्हीच. मग गावाबाहेर काढणार नाहीत, आजी. दगड घेतील."

"ते कळतंय मला. म्हातारी झालेय, खुळी नाही." तिनं सोरोटीच्या रस्त्याकडं बोट केलं. "मी त्या डब्याला एकदाच हात लावला. सोरोटीहून काहीतरी नवीन बसवून आणला ना, मोटारसायकलवर, बकरी बांधतात तसा करकचून? त्या खड्ड्यांतनं तो असा उडत आला की मीच म्हटलं, ह्याची आतडी जागेवर राहिली असतील तर नवल. उतरवायला मी हात लावला. झालं माझं पाप."

"त्यानंतरच बिघडला?"

"त्यानंतरच. आणि आणखी एक सांगू? पहिल्या रविवारी चर्चमधून आणला, तेव्हा जागा करेपर्यंत इथंच ओसरीवर आडवा टाकला होता. असेकेन्येनं वायर लावून बघितला, तर कसा झकास चालला. मग आत नेला, उभा केला, आणि मेला. आडवा असला की जगतो, उभा केला की मरतो. मी शेंगा भाजत सगळं बघते. पण मला कोण विचारतंय?"

मास्तरांनी तोंडाजवळ नेलेली शेंग तशीच खाली ठेवली.

"आजी," ते म्हणाले, "मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवतोय, आणि सोमवारी त्या डब्याला पंप मारत बसलो. हे मला का नाही सुचलं?"

"तुम्ही बोलत होता, मास्तर. बोलताना माणसाला दिसत नाही."

रविवारी चर्चमध्ये पहिल्या वेळेच्या दुप्पट गर्दी. चमत्कारापेक्षा चेटकीण बघायला माणसं लांबून येतात. आजीला वेदीपुढं चटईवर बसवलं होतं. ती डोक्याचा रुमाल पुन्हा पुन्हा नीट करत होती.

प्रेषितांनी माइक उचलला, तेवढ्यात मास्तर उठले. गुडघा कुरकुरला. खरं सांगायचं तर उठायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती.

"प्रेषित, एक विनंती आहे. आज प्रार्थना तुम्हीच करा. डबा मी धरतो."

"सैतानाला हात लावायची ताकद आहे तुमच्यात?"

"एकतीस वर्षं सातवीचा वर्ग सांभाळलाय," मास्तर म्हणाले. लोक हसले, आणि प्रेषितांना नाही म्हणता येईना.

मास्तरांनी डबा ताठ उभा केला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. "करा प्रार्थना. आणि तुम्ही सगळे मोठ्यानं आकडे मोजा."

"त्याला आधी लोटांगण घालू द्या," प्रेषित घाईनं म्हणाले.

"तुमचा देव उभ्या सैतानाला घाबरतो?"

आता माघार नव्हती. प्रेषितांनी घसा फुटेस्तोवर डिलीट केलं. बटण दाबलं. एक, दोन, तीन... चिन्ह आलं... अकरा, बारा... कडं फिरलं... एकोणीस. ठप्प.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. प्रेषितांनी तेल ओतलं, बुटाची टाच आपटली, चार वेगवेगळ्या भाषांत सैतानाला हाकललं. या वेळी लोकांनी मोजलं तेरा. ठप्प.

"आधीपेक्षा लवकर मेला," मास्तर म्हणाले. "लक्षात ठेवा. का, ते सांगतो." मग डबा कुशीवर आडवा ठेवून ते तिथं पाच मिनिटं नुसते उभे राहिले. लोक चुळबुळ करू लागले. मग ते चटईपाशी गेले. "अकुरुत आजी, उठा. या डब्यावर हात ठेवा आणि त्याला शिव्या द्या."

"काय?"

"तुम्ही चेटकीण ना? द्या शाप. मनापासून."

आजीनं आधी असेकेन्येकडं बघितलं, मग प्रेषितांकडं, मग त्या डब्याकडं, ज्याच्यापायी तिची शेगडी विझली होती. आणि तिनं तोंड उघडलं. अहो, काय सांगू! बावीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईच्या शिव्या त्या. तुझ्या वायरींना घुशी लागोत! तुझ्या पंख्यात गाढव मुतो! तुझ्या कंपनीच्या आईला कधी सूनच न मिळो! तू मर, मेल्या, मर! पहिल्या रांगेतल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. आणि मास्तरांनी बटण दाबलं.

चिन्ह आलं. कडं फिरलं. लोक आपसूक मोजत होते. एकोणीस. वीस. तीस. साठ. भाचीचं लग्न झळकलं, आणि आजीच्या शिव्या संपल्या तरी डबा चालूच. शंभरापर्यंत मोजून लोक थकले.

"असेकेन्येताई," मास्तर म्हणाले, "आता तरी फोटो काढून घे." या वेळी ती धावत आली.

अर्ज आणि फोटो सुरक्षित झाल्यावर मास्तरांनी डबा बंद केला, वायर काढली, खिशातून पेचकस काढला आणि तेलाच्या क्रूसासकट झाकण उतरवलं. चारपाच जणांनी श्वास रोखला. आतून काही निघालं नाही. एका मधमाशीखेरीज.

"बघा. हा चौकोनी तुकडा म्हणजे डब्याचं डोकं. काम करायला लागला की चुलीसारखा तापतो. म्हणून त्याच्यावर हा धातूचा ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. ठोकळा घट्ट टेकलेला असला की तो उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. ह्या ठोकळ्याला चार प्लास्टिकचे पाय असतात. वरचे दोन, बघा, मोडलेत. सोरोटीच्या रस्त्यानं मोडलेत." त्यांनी डबा उभा केला. ठोकळा पुढं झुकला आणि त्याच्याखाली करंगळीचं नख जाईल एवढी फट पडली. "उभा असला की ठोकळा असा लोंबतो. डोकं तापतं. आणि जळून जाण्याआधी डबा स्वतःला बंद करून घेतो. तव्यावरून आपण हात काढतो, तसा. दुसऱ्यांदा लवकर मेला, कारण पहिल्यांदाच्या तापातून तो अजून निवला नव्हता." मग डबा आडवा केला. ठोकळा आपल्याच वजनानं खाली बसला. "आणि आडवा असला की हे असं. प्रार्थना करा, शिव्या द्या, नाहीतर नुसत्या जांभया द्या."

त्यांनी सगळ्यांना रांगेनं पुढं बोलावलं आणि ज्याला त्याला आपल्या हातानं डबा उभाआडवा करून बघू दिलं. झाडावरचे चौघेही आले. तासभर लागला. शेवटी मास्तर वेदीच्या पायरीवर बसूनच बोलले, कारण गुडघ्यानं दगा दिला होता.

"मी देवाशी भांडायला आलो नाही. प्रार्थना करा, मीही करतो. पण सोमवारी मी विणलेलं झाकण काढलं, पंप मारला, दोन्ही एकदम केलं आणि काहीच शिकलो नाही. प्रेषितांनी प्रार्थना केली, तेल ओतलं आणि डबा आडवा केला, तेही सगळं एकदम. कावळा बसला आणि फांदी मोडली. फांदी कशानं मोडली, हे बघायचं असेल तर आधी कावळ्याला उठवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग बघा. एवढंच सांगतोय, एकतीस वर्षं. आणि जोवर असं बघितलं नाही, तोवर कोणा म्हातारीची शेगडी विझवू नका."

मग असेकेन्ये उठली, आजीच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. आजी म्हणाली, "ऊठ, कापडं मळतील."

बाहेर आल्यावर प्रेषित ओमोडिंग मास्तरांना भिंतीआड भेटले. माइक नसला की त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

"मास्तर, देवाशपथ, पहिल्या वेळी मलाच आश्चर्य वाटलं. तो खरंच चालू झाला! मला वाटलं, आपल्या हाताला खरंच काहीतरी आलं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

प्रेषितांनी टोकदार बुटाकडं बघितलं. "दुसऱ्या वेळी कळलं होतं."

"मग म्हातारीचं नाव कशाला घेतलंत?"

"तो घरी गेला की पुन्हा बिघडतो, याला काहीतरी कारण तर सांगायला हवं होतं."

मास्तरांना रागावायचं होतं, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. "पुढच्या वेळी," ते म्हणाले, "रस्त्याचं नाव घ्या." आणि घरी जाऊन झोपले.

तर अशी ही गोष्ट. डबा अजून असेकेन्येच्या दुकानात टेबलावर आडवाच असतो, विणलेलं वचन आता त्याच्या खाली अंथरलेलं आहे. अकुरुत आजीची शेगडी पेटलेली आहे. त्रेसष्ट पोरं परीक्षेला बसली. आणि त्या दिवसापासून, मंडळी, ओमाडेरात एकाही माणसानं चमत्कारावर विश्वास ठेवलेला नाही. जो तो आधी विचारतो: कशानं?

"खोटं!"

कोण बोललं ते? घागरीच्या पलीकडून. अकुरुत आजी, तुम्ही कधी येऊन बसलात?

"मघापासून बसलेय. कंदिलाचा मासा सांग, मगर सांग, मी गप्प बसेन. पण हे नाही. आज सकाळपासून माझ्या ओसरीवर तिघं उभे आहेत. एकाचा रेडिओ बंद, एकाचा फोन मेलाय, एकाची मोटारसायकल चालत नाही. तिघांचं म्हणणं एकच: आजी, शिव्या द्या! तुमच्या शिव्यांनी कॉम्प्युटर उठला, आमचंही उठवा! आणि तू म्हणतोस, कोणी चमत्कार मानत नाही?"

अहो आजी, पण त्यात तुमचं नावच झालं की.

"नाव? एक दिवस माझ्या शिव्यांनी रेडिओ उठला नाही, की हेच म्हणतील, म्हातारीनंच मारला. जी उठवते, तिच्यावरच मारल्याचा आळ येतो. मला दोन्ही नकोत. माझ्या शिव्यांनी काही होत नाही, प्रेषितांच्या डिलीटनं काही होत नाही. ठोकळा लोंबत होता, म्हणून डबा मरत होता. एवढंच. हे आधी त्या तिघांना जाऊन सांग. मग ये." तिनं हात लांब केला. "आणि ती नळी काढ बाहेर."